अकरा नंबरची फिकट नळी

मी एक जुनी, बिघडलेली शेवाळाची जात आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मला हात लावू नका. माझी नळी उचलून खिडकीशी नेऊ नका आणि 'बिचारी किती फिकट पडली' असे तर मुळीच म्हणू नका. ज्यांनी ज्यांनी मला बिचारी म्हटले ते माझ्या मुळावर उठले. मला जगवले ते दोन बायकांनी. दोघी मला शिव्या देत, आणि दोघींचे एकमेकींशी कधी पटले नाही.

मी राहते ती खोली लांबट आहे. भिंतीला लोखंडी मांडण्या आहेत, प्रत्येक फळीखाली पांढऱ्या नळीचे दिवे आहेत आणि दिव्यांखाली काचेच्या परीक्षानळ्या ओळीने तिरप्या ठेवलेल्या असतात. नळीच्या तोंडाला कापसाचा बोळा आणि आत खळीसारखा घट्ट थर असतो. त्या थरावर आम्ही शेवाळे वाढतो. खोली थंड असते. दाराशी एक टेबल, एक फोन आणि एक काळ्या पुठ्ठ्याची नोंदवही आहे. मला एक नारिंगी ठिपका आहे. शास्त्रज्ञ त्याला डोळा म्हणतात, पण त्याने फक्त उजेड कळतो. माणसे मी आवाजावरून ओळखली.

माझ्या जन्माची गोष्ट प्रेमळ नाही. माझी थोरली बहीण धडधाकट हिरवे शेवाळ आहे. ती अजून समोरच्या फळीवर आहे आणि अजून तोऱ्यात आहे. तिच्या लाखो पेशी एका तबकडीत पसरून त्यांच्यावर अतिनील दिवा सोडला. तो उजेड जनुकांत घुसून मोडतोड करतो. बहुतेक पेशी मेल्या. काहीशे वाचल्या, त्या तीस तबकड्यांत वाढवल्या. वाचलेल्यांपैकी एका पेशीच्या एका जनुकातले एकच अक्षर बदलले होते. त्या पेशीपासून पुढे वाढलो त्या सगळ्या मिळून मी.

एका अक्षराने काय होते, असे तुम्ही म्हणाल. तुमच्या पुस्तकात प्रकाशसंश्लेषण आहे. पान उजेड पकडते आणि त्यावर अन्न करते, एवढे तुम्ही पाठ करता. पण उजेड पकडून पुढे देणारे यंत्र प्रथिनांचे असते, आणि प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. माझ्या यंत्रातल्या एका माळेत साडेतीनशेच्या आसपास मणी आहेत. त्यातला एक चुकीचा आहे. त्यामुळे मी उजेड पकडते, पण तो पुढे देता येत नाही. पकडलेला उजेड आतच राहतो आणि मला जाळतो. म्हणून मला अंधारात ठेवतात आणि सिरक्यातल्या, म्हणजे व्हिनेगरमधल्या, आम्लापासून केलेला क्षार खायला घालतात. शेवाळ असून मला ऊन सोसत नाही. माझी बहीण यावरून मला अजून हिणवते.

न देता आलेल्या उजेडातला थोडा माझ्यातून लाल होऊन बाहेर पडतो. काळोख्या खोलीत माझ्यावर निळा दिवा धरला आणि लाल काचेतून पाहिले, की मी निखाऱ्यासारखी दिसते. माझी बहीण तिथे काळी ठिक्कर दिसते, कारण तिचा उजेड कामी लागतो. मी सापडले ती अशी.

माझा शोध घेण्याचे काम एका संशोधक बाईंकडे होते. त्यांच्या जिभेमुळे सगळे त्यांना मागे 'कात्री' म्हणत. कात्रीबाईंनी तीस तबकड्या पाहिल्या, काही नाही म्हणाल्या आणि धुवायला टाकल्या. तबकड्या धुणे, खळ शिजवणे, नळ्या भरणे, आम्हाला जुन्या नळीतून नव्या नळीत हलवणे, हे सगळे नळीवाल्या बाई करीत. शिक्षण बेताचे, पण हात स्वच्छ. त्यांना काही फेकवत नसे. धुण्याआधी त्यांनी त्या तबकड्या पुन्हा निळ्या दिव्याखाली धरल्या. अकराव्या तबकडीच्या कडेला मी एकटी पेटलेली होते, म्हणून माझा नंबर अकरा.

त्या मला घेऊन कात्रीबाईंकडे गेल्या. कात्रीबाईंनी मान वर केली नाही. काचेवर खरकटे असेल, म्हणाल्या. "तुम्ही काच धुवा, बाई. काचेत काय आहे ते मी बघते."

"तुम्ही बघितलं असतंत, तर मी कशाला बघितलं असतं?" नळीवाल्या बाई म्हणाल्या आणि तबकडी घेऊन थेट सरांच्या खोलीत गेल्या. सर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख.

तिथून दोघी एकमेकींना पाण्यात पाहू लागल्या. सरांनी माझ्यावर शोधनिबंध लिहिला. त्यात पहिले नाव सरांचे आणि दुसरे कात्रीबाईंचे, कारण कागदोपत्री काम त्यांचे होते. नळीवाल्या बाईंचे आभार शेवटच्या ओळीत, बारीक टायपात मानले होते. 'जिने फेकलं तिचं नाव मोठं,' असे त्या नळ्या भरता भरता सहा महिने म्हणत होत्या. कात्रीबाई आत आल्या की जास्तच मोठ्याने म्हणत.

माझे ते भरभराटीचे दिवस. दूरदूरहून माझी मागणी येई. मला काळ्या कागदात गुंडाळून पार्सलने पाठवत. विद्यार्थ्यांना काळोख्या खोलीत नेऊन मला पेटवून दाखवत आणि ती मुले 'अरे वा' म्हणत. त्या एका मण्यामुळे यंत्र का अडते, यावर लोकांनी पदव्या मिळवल्या. माझे कौतुक झाले, पण माझी काळजी त्यातल्या एकालाही नव्हती. काळजी फक्त नळीवाल्या बाईंना, आणि तीही तोंडाळ. दर आठ आठवड्यांनी त्या वायरची कडी ज्योतीत लाल करत, निववत आणि माझ्यावर टेकवताना म्हणत, "ये, कळकटे. कुणी घोडं मारलंय तुझं? जरा बरी दिस की."

पण त्यांना ठाऊक होते, की मी बरी दिसता कामा नये. मित्रांनो, माझ्यासारख्यांची एक खोड असते. लाखो पेशींत एखादीचे बिघडलेले अक्षर आपोआप जागेवर येते. ती पेशी बरी होते, हिरवीगार होते, उजेड सोसते, आणि उजेड मिळाला की चार दिवसांत मला मागे टाकते. तुम्हाला ते बरे होणे वाटेल. मला तो घरात घुसलेला शत्रू वाटतो, कारण ती वाढली की मी संपते आणि माझ्या नळीवर माझ्या नावाने ती राहते. म्हणून नळीवाल्या बाई प्रत्येक वेळी सर्वांत फिकट ठिपका उचलत आणि निळ्या दिव्याखाली पेटतो ना ते पाहत. त्याशिवाय नव्या नळीवर अकरा नंबर लिहीत नसत.

हे त्यांनी नोंदवहीत एकदाच लिहिले होते. 'अकरा हट्टी आहे. फिकट तोच खरा.' कात्रीबाईंनी ती ओळ लाल शाईने खोडली आणि शेजारी लिहिले, 'नोंदवहीत मते लिहू नयेत.' त्यावर नळीवाल्या बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पुढे सव्वीस वर्षे त्यांनी माझ्यापुढे तारीख सोडून अक्षर लिहिले नाही. लिहायला हवे होते. त्यांचा राग खरा होता, पण त्याची किंमत मला मोजावी लागली.

मग एका आठवड्यात खोलीतल्या दिव्यांच्या तारा बदलायला माणूस येणार होता. दिवे कधी लागतील, कधी विझतील याचा नेम नव्हता. नळीवाल्या बाईंनी माझी एक जादा नळी केली, काळ्या कागदात गुंडाळली आणि खोलीतल्या लाकडी कपाटात मागे ठेवली. सोमवारी काढते म्हणाल्या. रविवारी घरी कपडे वाळत घालताना त्या पडल्या आणि दवाखान्यात तिसऱ्या दिवशी वारल्या. मी कपाटातच राहिले. बोलत आहे ती मी त्या नळीतली.

त्यांच्या जागी माळीदादा आले. आवारातली झाडे तेच बघत. सर म्हणाले, रोप काय आणि शेवाळ काय, हिरवे ते हिरवे. माळीदादा मनाने चांगले होते. सगळे तसे म्हणत, म्हणून मीही म्हणते. त्यांनी मांडण्या पुसल्या, नळ्या ओळीत लावल्या, आणि रोज नळ्यांशी गप्पा मारल्या. कपाटाच्या दारामागून मला सगळे ऐकू येई. अकरा नंबरच्या मांडणीवरच्या नळीपाशी आले की त्यांचा आवाज ओला होई. "बिचारी. अंधारात टाकून दिली हिला. थांब, तुला उजेडात घेतो." त्यांनी तिला दिव्याखाली घेतले. वाफ्यातले जोमदार रोप ठेवायचे आणि पिवळे उपटायचे, हे त्यांच्या बोटांत भिनले होते. नळी बदलताना त्यांनी सर्वांत हिरवा ठिपका उचलला. पुढच्या खेपेलाही तोच. चार खेपांत त्या नळीत माझी एक पेशी उरली नाही. सर येऊन पाहून गेले आणि म्हणाले, वा, अकरा नंबरला कधी नव्हे ते तेज आले आहे. त्या दिवशी मला हात असते तर मी माझ्या नळीची काच फोडली असती.

दरम्यान त्या हिरव्या नळीतली एक प्रत दुसऱ्या संस्थेने मागवून घेतली होती. तिथून पत्र आले. तुमच्या अकरा नंबरमध्ये काहीही बिघाड नाही, ती उन्हात धडधाकट शेवाळासारखी वाढते, तिचे जनुक वाचले तर सगळी अक्षरे जागेवर आहेत. तेव्हा निबंधात लिहिलेले मुळात घडले होते का, याचा खुलासा करावा. सर घाबरले. कात्रीबाई घाबरल्या नाहीत. मी आधीच काचेवर खरकटे आहे म्हटले होते, असे त्या दिवसभर सांगत फिरल्या. शेवटी खुलाशाचा मसुदा झाला, की त्या काळच्या साहाय्यिकेकडून नळ्यांची अदलाबदल झाली असावी. मेलेल्या माणसाच्या माथी खापर फोडणे सोपे असते.

नळीवाल्या बाईंचे यजमान त्यांचे सामान न्यायला आठ महिन्यांनी आले. सामान म्हणजे एक चष्मा, एक अंगरखा आणि घरून आणलेले बुटके स्टूल. सर आणि कात्रीबाई दोघे खोलीत होते. सरांनी गोड आवाजात त्यांना सगळे सांगितले. वाईट वाटून घेऊ नका, खुलाशात नाव घालणार नाही, फक्त पद घालू, असे म्हणाले.

"त्या पदावर दुसरं कोण होतं?" यजमानांनी विचारले.

कात्रीबाई म्हणाल्या, की माणसाच्या हातून चूक होते, त्यात एवढे लावून घेण्यासारखे काही नाही.

"होते ना," यजमान म्हणाले. "पण माझ्या घरात सव्वीस वर्षांत साखरेच्या डब्यात मीठ गेलं नाही. ते इथे कसं जाईल?"

"घर वेगळं आणि प्रयोगशाळा वेगळी."

"हात एकच होते, बाई." त्यांनी स्टूल उचलले. चष्मा टेबलावर राहिला, तो घ्यायला परत आले, आणि कुणाकडे न बघता गेले.

त्या दुपारी माळीदादा ते लाकडी कपाट रिकामे करू लागले. काळा कागद त्यांच्या हाती लागला. आतली खळ आटून काचेपासून सुटली होती आणि माझा बराचसा भाग मेला होता. तळाशी थोडी जिवंत होते, पिवळट आणि सुरकुतलेली. कागदावर नळीवाल्या बाईंच्या अक्षरात तारीख आणि अकरा. माळीदादा हळहळले. बिचारी, असे म्हणालेच. मला घेऊन ते दिव्याकडे निघाले, आणि मित्रांनो, त्या दिव्याने मला अर्ध्या दिवसात संपवले असते.

दारात कात्रीबाई होत्या. "ती नळी द्या इकडे. उजेडात नेऊ नका."

त्यांना माझी दया आली असे समजू नका. त्यांच्या मनात काय होते ते त्यांनीच माळीदादांना सांगितले. ही नळी त्या बाईंनी स्वतःच्या हाताने भरली आहे. हीसुद्धा धडधाकट निघाली, तर त्या पहिल्यापासून खोटे बोलत होत्या हे एकदाचे सिद्ध होईल, आणि नवऱ्याचे साखर-मीठही मिटेल. मला वाचवले ते अशा हेतूने.

त्यांनी मला एका तबकडीवर पसरले आणि माळीदादांच्या हिरव्या नळीतली दुसरीवर. हाताची सवय गेली होती. कडीने खळ दोन ठिकाणी फाडली आणि मला दोन शिव्या दिल्या. दोन्ही तबकड्या तीन आठवडे अंधारात ठेवल्या. मग माळीदादांना दिवा धरायला सोबत घेऊन त्या काळोख्या खोलीत गेल्या.

निळा दिवा आधी हिरव्या नळीच्या तबकडीवर पडला. ती पूर्ण काळी राहिली. मग माझ्यावर पडला. माझे दोनशे ठिपके एकदम पेटले. त्यांच्यामध्ये दोनच काळे होते.

माळीदादांनी विचारले, काही दिसते का.

"दिसतंय," कात्रीबाई म्हणाल्या. त्यांनी साधा दिवा लावला आणि तबकडी डोळ्यांपाशी नेली. जे दोन ठिपके काळे राहिले होते, तेच साध्या उजेडात सर्वांत हिरवे होते. "तुम्ही नळी बदलताना कुठला ठिपका घेता?"

"सगळ्यात हिरवा. शहाणा माणूस दुसरा कुठला घेईल?"

कात्रीबाई बाहेर आल्या, टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि काळी नोंदवही मागे मागे उलटत गेल्या. मध्ये एका पानावर थांबल्या. कुठल्या, ते तुम्ही ओळखलेच असेल. त्या पानावरून त्यांनी बोट उचलले नाही आणि माळीदादांना सरांना बोलवायला सांगितले.

सर आले, त्यांनी तबकड्या बघितल्या आणि म्हणाले, खुलासा लिहून तयार आहे, सही तेवढी राहिली आहे. बाई तर आता नाहीत, त्यांचे काय बिघडणार? उगाच आपल्याच खोलीची लाज कशाला काढायची? आणि हलक्या आवाजात पुढे म्हणाले, की लाल शाई कुणाची आहे तेही लोक विचारतील.

"विचारू द्या. माझी आहे," कात्रीबाई म्हणाल्या. "ती बाई मला आवडत नव्हती. अजूनही आवडत नाही. पण ती खोटी नव्हती, आणि मी त्या कागदावर सही करणार नाही."

सर चिडले. दोघांचे आवाज चढले आणि त्यात पंचवीस वर्षांपूर्वीची भांडणेही निघाली. ती मी सांगत बसत नाही. शेवटी निबंधातल्या दुसऱ्या नावाच्या सहीशिवाय खुलासा जाणार नाही, हे सरांना कळले. नवा मसुदा कात्रीबाईंनी त्याच टेबलावर लिहिला. मूळ शोध बरोबर होता. साहाय्यिकेच्या मृत्यूनंतर आमच्याकडून नळीची निवड चुकली आणि बरी झालेली जात पाठवली गेली. साहाय्यिकेने ठेवलेल्या नळीत मूळ जात मिळाली आहे. त्यात त्यांनी साहाय्यिकेचे पूर्ण नाव लिहिले. सरांनी ते दोनदा खोडले, त्यांनी दोनदा पुन्हा लिहिले.

माळीदादांना फार लागले. मी जीव लावला होता, म्हणाले. त्यांना मांडणीवरची हिरवी नळी स्वतःच्या हाताने उकळत्या वाफेच्या यंत्रात टाकावी लागली. सगळे त्यांची समजूत काढत होते. मी काढली नाही. चांगल्या मनाने मारले काय किंवा वाईट मनाने मारले काय, मरणाऱ्याला सारखेच.

संध्याकाळी कात्रीबाईंनी दाराजवळच्या फोनवरून नळीवाल्या बाईंच्या घरी फोन लावला. पलीकडचा आवाज मला ऐकू येत नव्हता. पण खोली रिकामी होती आणि त्यांनी फोन कानापासून जरा दूर धरला, तेव्हा थोडे कळले. त्या म्हणाल्या, की तुमच्या पत्नीकडून नळ्यांची अदलाबदल झाली नव्हती. चूक आमची होती. खुलासा बदलला आहे, त्यात त्यांचे नाव आहे, प्रत पाठवते.



"ते मला माहीतच होतं," यजमान म्हणाले. "तुम्हाला कळलं, बरं झालं." आणि त्यांनी फोन ठेवला.

कात्रीबाई तशाच उभ्या राहिल्या. यजमानांनी आभार मानावेत अशी त्यांची अपेक्षा असेल, तर ती पुरी झाली नाही. मला त्यात काही गैर वाटत नाही.

आता माळीदादा पुन्हा बागेत आहेत. कात्रीबाई निवृत्तीला आल्या आहेत, पण दर आठ आठवड्यांनी त्या स्वतः येतात. कडी तापवतात, निववायला विसरतात, माझ्या दहा-वीस हजार पेशी भाजतात आणि वर मलाच म्हणतात, 'काय छळवाद लावलायस.' मग खळीवर नाक टेकेल इतक्या वाकतात, सर्वांत फिकट ठिपका शोधतात आणि काळोख्या खोलीत नेऊन बघतात. आमचे जमत नाही. जमायची गरजही नाही.

मित्रांनो, तुम्हाला कुणाला सांभाळायचे असेल, तर त्याच्या रंगावरून त्याला काय हवे ते ठरवू नका. त्याला रोज हाताळणारे कुणीतरी असते, बहुधा तुमच्याच घरात किंवा शाळेत, आणि बहुधा त्याचे नाव बारीक टायपात असते. त्या माणसाला विचारा. त्याचे बोलणे कडू लागले तरी खोडू नका, लिहून ठेवा. आणि तो आहे तोवरच विचारा. नंतर माझ्याकडे याल, तर मी काचेमागे फिकट पडून राहीन आणि तुम्हाला एक शब्द सांगणार नाही.